निळा कोपरा

मास्तर केळं खातखातच काट्यावर चढला. अधिकाऱ्याने आकडा वाचला, पन्नास किलो चारशे ग्रॅम, आणि चष्म्यावरून पाहत म्हणाला, "मास्तर, अजून एक खा. बसतंय."

खोलीतले दोघं-तिघं हसले. बाकीच्यांच्या अंगात हसण्याएवढंही त्राण नव्हतं. बॉक्सिंगच्या फ्लायवेट गटाची मर्यादा पन्नास किलो आठशे. तिच्यात मावण्यासाठी भिंतीला टेकून बसलेली ती पोरं दोन दिवसांपासून अन्नपाण्याला पारखी झाली होती, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एक सदतीस वर्षांचा माणूस निवांत केळं चघळत होता.

"उतर आता खाली," थोरला म्हणाला. "तळतळाट लागेल एखाद्याचा."

थोरला म्हणजे मास्तरचा सख्खा मोठा भाऊ. आठवडाभर आपल्या सलूनमध्ये लोकांच्या दाढ्या करायच्या आणि लढत असेल त्या दिवशी बादली, स्टूल आणि औषधांचा डबा घेऊन भावाच्या कोपऱ्यात उभं राहायचं, हा त्याचा सतरा वर्षांचा नेम. वस्तऱ्याने कापलेला गाल काय आणि ठोशाने फुटलेली भुवई काय, रक्त थांबवायला बोटं तीच लागतात, असं तो म्हणे. त्यात थोडी फुशारकी होती, पण भावाची भुवई त्याने खरोखरच अकरा वेळा सांभाळली होती.

मास्तर पोटापाण्यासाठी लिफ्ट दुरुस्त करायचा. जिथे दुसऱ्याचे खांदे अडकत तिथे तो सहज शिरे, त्यामुळे कंपनीत त्याला मान होता. 'मास्तर' हे नाव मात्र त्याला रिंगमध्ये पडलं. बॉक्सिंगच्या प्रत्येक कार्यक्रमात एक लाल कोपरा असतो आणि एक निळा. लाल कोपऱ्यात तिथलं घरचं पोर बसतं. त्याच्या मामा-काकांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तिकिटं काढलेली असतात, आणि त्याने जिंकावं ही आयोजकापासून दारावरच्या रखवालदारापर्यंत सगळ्यांची इच्छा असते. पण त्याच्यासमोर कुणीतरी उभं राहायला हवंच की. चार दिवस आधी फोन केला तरी येणारं, वजनात बसणारं, शेवटच्या घंटेपर्यंत टिकणारं, आणि पोराला दोन गोष्टी शिकवून थोडक्या गुणांनी हरणारं. ते काम मास्तरचं. आजवर नव्व्याण्णव लढती झाल्या होत्या, नऊ विजय आणि नव्वद पराभव. त्याच्याशी लढून पुढे गेलेल्यांपैकी तिघांनी विजेतेपदं मिळवली, आणि ते तिघंही कुठे भेटले की गर्दीतून वाट काढत आधी मास्तरकडे येत.

मास्तरला अभिमान दोन गोष्टींचा. तो कधी वजनात चुकला नव्हता. आणि दोन फेऱ्यांमधली मिनिटभराची विश्रांती संपून घंटा वाजली आणि तो स्टुलावरून उठला नाही, असं एकदाही झालं नव्हतं. दात हलला, बरगडी दुखावली, एकदा डावा डोळा पार मिटला, तरी मास्तर उठला. इतकी वर्षं या धंद्यात काढलेल्या बहुतेकांच्या नोंदीत कधी ना कधी 'स्टुलावर माघार' असा शेरा पडतोच. त्याच्या नोंदीत तो नव्हता.

उद्याची लढत शंभरावी. वयामुळे परवान्याची मुदत पुढे वाढणार नव्हती, म्हणून शेवटचीही. ही जिंकायचीच, असं थोरल्याने मनाशी पक्कं केलं होतं.

त्याला कारण होतं. पहिल्या आठही लढती मास्तर जिंकला होता. तेव्हा तो लाल कोपऱ्यात बसे. नववी लढत ठरवली ती थोरल्याने. ऐन वेळेला आलेली, एका वजनगटाने वरची, समोर तयारीचा गडी. नाव होईल म्हणून थोरला भावाला न विचारताच हो म्हणून बसला. त्या लढतीत मास्तरचा जबडा मोडला. मोडक्या जबड्यानिशी तो शेवटच्या घंटेपर्यंत उभा राहिला आणि हरला. पुढे आठ महिने घरी गेले, आणि परत आला तेव्हा लाल कोपऱ्यांत दुसरी पोरं बसली होती. या गोष्टीवरून मास्तर भावाला कधी एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर फार बरं झालं असतं, असं थोरल्याला कित्येकदा वाटे.

एवढ्यात उद्याचा प्रतिस्पर्धी काट्यावर चढला. एकोणीस वर्षांचं पोरगं, सात लढती, सातही जिंकलेल्या. दोनशे ग्रॅम जास्त भरलं. सगळे कपडे उतरवले, दोघांनी पुढे चादर धरली, तरी दीडशे जास्तच. अधिकाऱ्याने तासाभराची मुदत दिली. पोरगं प्लॅस्टिकचा सूट चढवून बाहेर व्हरांड्यात दोरीवरच्या उड्या मारत राहिलं आणि तासाने येऊन एकदाचं नेमक्या पन्नास आठशेवर बसलं. त्याच्या कोचने दोन्ही मुठी वर केल्या. पोराला हात उचलायचंही सुचलं नाही.

"त्याच्या तीन लढती मोबाइलवर पाहिल्यात मी," परत जाताना थोरला म्हणाला. "डावा मारला की परत घेताना तो हात छातीशी येतो त्याचा. दर वेळी. तुझ्या उजव्यासाठी दार सताड उघडं."

"त्याचे ओठ बघितलेस?" मास्तरने विचारलं.

"ओठांशी काय करायचंय आपल्याला?"

"व्हरांड्यात कोच त्याला थुंकायला सांगत होता. तेवढंच वजन कमी म्हणून. थुंकीच येईना त्याला."

"रात्रभर पाणी पिईल, सकाळपर्यंत टवटवीत होईल. तू माझं ऐक. आठ नि एक नऊ झाले, उद्या दहा करायचे. शेवटचं एकदा निळ्यातून जिंकून उतरायचं."

"बघू," मास्तर म्हणाला. सतरा वर्षं त्याचं उत्तर तेच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका शाळेच्या क्रीडागृहात रिंग उभारली होती. बास्केटबॉलच्या जाळ्या वर गुंडाळून बांधल्या होत्या, घडीच्या खुर्च्या भिंतीपर्यंत मांडल्या होत्या आणि लाल कोपऱ्याच्या बाजूला पोराचं सगळं खानदान लोटलं होतं. निळ्या बाजूला एक आग विझवायचं सिलिंडर होतं. त्याच्याकडे बोट दाखवून मास्तर म्हणाला, "आपली माणसं आली बघ." थोरल्याला हसू आलं नाही. त्याने भावाच्या भुवयांवर व्हॅसलिनचा हात फिरवला, तोंडात दातांचं कवच बसवलं आणि दोर वर उचलून धरला.

चार फेऱ्यांची लढत. पहिली पोराची झाली. हात भलते चपळ होते त्याचे. मास्तर हनुवटी खांद्याआड ठेवून मागे सरत, वळत, नवीन घर बघायला आलेल्या माणसासारखा पोराचा कानाकोपरा न्याहाळत राहिला.

"दिसलं?" विश्रांतीत पाणी पाजताना थोरल्याने विचारलं.

"दिसलं."

"मग?"

"दम धर."

दुसऱ्या फेरीत पोराचा डावा हात पुढे आला, परत जाताना छातीशी रेंगाळला, आणि त्यावरून मास्तरचा उजवा गेला. फार लांबून आलेला नव्हता, वीतभरच असेल. आवाजही फारसा झाला नाही. पण पोराचे गुडघे वाकले आणि सरळ झाले, आणि डोळे क्षणभर कुठेच पाहत नव्हते. पंच मास्तरच्या पाठीमागे होता, त्याला ते दिसलं नाही. खुर्च्यांवरच्या लोकांनाही नाही. थोरल्याला दिसलं. आणखी एक, तसाच, तिथेच, एवढंच काम उरलं होतं.

मास्तरने तो मारला नाही. त्याने पुढे होऊन पोराला मिठी मारली. दोन्ही दंड आपल्या काखेत अडकवले, कपाळ त्याच्या खांद्यावर टेकवलं आणि पंचाने सोडवेपर्यंत धरून ठेवलं. सोडवल्यावर पुन्हा धरलं. थोरल्याने रिंगच्या कडेवर तळहात आपटला. घंटा झाली.

"धरलंस कशाला?" स्टूल सरकवता सरकवता तो खेकसला. "उभ्या उभ्या झोपला होता तो."

"दादा, अंग कोरडं आहे त्याचं."

"काय?"

"मी बघ, ओलाचिंब आहे. त्याची पाठ हाताला खरखरीत लागते. दोन फेऱ्या झाल्या आणि पोराला घाम नाही. आत पाणीच नाहीये."

थोरल्याचा बाटलीवरचा हात थांबला. पाच वर्षांपूर्वी अशाच एका हॉलमध्ये, कपडे बदलायच्या खोलीत त्यांच्या शेजारी एक पोरगं बसलं होतं. वजनासाठी तसंच सुकवलेलं. लढत जिंकून आलं होतं, हसत होतं. बुटाची नाडी सोडायला वाकलं आणि वाकलेलंच राहिलं. ते आज सव्वीस वर्षांचं आहे आणि शर्टाची बटणं त्याची आई लावते. थोरल्याने तेव्हा त्याला उचलायला हात लावला होता. घामाचा टिपूस नसलेलं ते अंग त्याच्या हातांना अजून आठवत होतं.

त्याने पंचाला बोलावलं. पंच लाल कोपऱ्यात गेला, डॉक्टर वर चढले, पोराच्या डोळ्यांत बॅटरी मारली. पोराने नाव सांगितलं, वार सांगितला, समोर किती बोटं आहेत ते सांगितलं. त्याचा कोच इकडे पाहून हसला. "मास्तरांचा दम संपला वाटतं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

"तो ठीक आहे," पंच परत येऊन म्हणाला. "तुम्ही आपल्या माणसाकडे बघा."

थोरल्याला राग आला आणि तो गिळावाही लागला. नव्वद वेळा हरलेल्या माणसाच्या कोपऱ्यातून आलेली तक्रार. आपण पंच असतो तर आपणही हेच म्हणालो असतो, हे त्याला कळत होतं.

तिसऱ्या फेरीत मास्तरने पोराच्या डोक्याकडे एकही ठोसा मारला नाही. पोटावर, दंडावर, नुसते टेकवल्यासारखे. बाकी वेळ अंग चोरून मार खाल्ला. पोराचा डावा दर वेळी छातीशी येत होता, दार उघडं राहत होतं, आणि मास्तरचा उजवा हात गालाशी चिकटून जागच्या जागी होता. लोक ओरडत होते. पोराचा उजवा पाय किंचित ओढला जातोय, हे त्या आरडाओरड्यात कुणी पाहिलं नाही. घंटा वाजली, आणि पोरगं वळून सरळ निळ्या कोपऱ्याकडे चालत आलं. थोरल्यापासून दोन हातांवर येऊन उभं राहिलं, स्टूल शोधत. खुर्च्यांवर हशा पिकला. कोच हसतच धावत आला आणि दंडाला धरून त्याला घेऊन गेला.

पंच पुन्हा तिकडे गेला, काहीतरी विचारलं. पोराने मान हलवली. पंच परत फिरला.

मास्तर स्टुलावर बसला. थोरल्याने त्याच्या मानेवर ओला टॉवेल ठेवला.

"दादा, मी उठत नाही आता," मास्तर म्हणाला.

थोरल्याने बाटली बादलीत परत ठेवली.

"अजून एक फेरी आहे. मी नाही मारला तरी ते पडेल कुठेतरी, डोकं आपटेल. आणि चुकून माझा हात गेलाच, सवयीने..." त्याने कवच काढून हातात घेतलं. "तू पंचाला सांग. उठत नाही म्हणून सांग."

थोरल्याने लाल कोपऱ्याकडे पाहिलं. कोच पोराच्या कानात बोलत होता आणि पोरगं छताकडे पाहत होतं. मग त्याने भावाच्या मांडीवर विसावलेल्या उजव्या ग्लोव्हकडे पाहिलं. तीन मिनिटं होती. मास्तरला पहिल्या दहा सेकंदांतच जमलं असतं. दहावा विजय, शंभराव्या लढतीत. लोक उभे राहिले असते. सतरा वर्षं तो याच दुपारसाठी बादली वाहत आला होता.

"ऊठ," तो म्हणाला.

"दादा."

"ऊठ म्हणतोय ना. तोंड उघड." त्याने कवच भावाच्या हातातून घेऊन त्याच्या दातांवर बसवलं. "घंटेला तू उभा पाहिजेस मला."

मास्तरने त्याच्याकडे पाहिलं. जबडा मोडला तेव्हाही त्याने भावाकडे असं पाहिलं नव्हतं. थोरल्याने ती नजर चुकवली नाही. त्याने भावाच्या मानेवरचा टॉवेल काढून घेतला, काखेत हात घालून त्याला उभा केला आणि पायानेच स्टूल मागे, दोराबाहेर ढकलून दिलं. आता बसायचं म्हटलं तरी बसायला काही नव्हतं.

घंटा वाजली. मास्तर एक पाऊल पुढे गेला. दुसरं पाऊल पडायच्या आत थोरल्याने टॉवेल दोरावरून रिंगच्या मधोमध भिरकावला.

पंचाने टॉवेलकडे पाहिलं, थोरल्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात हवेत हलवून लढत थांबवली. लाल बाजू एकदम उसळली. थोड्याच वेळात मागच्या खुर्च्यांवरून शिट्ट्या आणि हुर्यो सुरू झाली, ती सगळी थोरल्याच्या नावाने. "अरे, भाऊ आहेस की वैरी?" कुणीतरी ओरडलं. "चांगला उभा होता की तो." थोरला दोरांतून आत आला आणि भावाच्या ग्लोव्हची नाडी सोडू लागला. गाठ पटकन सुटेना.

"उभा होतो मी," मास्तर हळूच म्हणाला.

"हो. उभाच होतास."

"म्हणजे माघार..."

"तुझी नाही. कोपऱ्याची. माझी." गाठ सुटली. "तुझ्या नोंदीत तसला शेरा मी लिहू देईन होय?"

मास्तरने ओल्या कपाळाने भावाच्या खांद्याला हलकेच टक्कर दिली. दोघंही मोठे झाल्यावर एकमेकांच्या गळ्यात पडणारे नव्हते, तेव्हा तेवढं पुष्कळ झालं. थोरल्याला भरून आलं होतं आणि अभिमानाने छाती फुगली होती. शिट्ट्या चालूच होत्या. त्या त्याला चक्क आवडू लागल्या होत्या.

पंचाने पोराचा हात वर केला. सात होते ते आठ झाले. पोरगं पायऱ्या उतरताना तिसऱ्या पायरीवर बसलं, मग आडवं झालं. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते, बोटं वळली होती, आणि आपण कुठे आहोत हे ते कोचलाच विचारत होतं. कोचचं हसू मावळलं. डॉक्टर धावले, मागे स्ट्रेचर आलं, आणि पोराचं खानदान खुर्च्या पाडत त्याच्यामागे गेलं. क्रीडागृहात एकदम इतकी शांतता झाली की निळ्या कोपऱ्यातल्या बादलीत थेंब पडलेले ऐकू आले.

कपडे बदलायच्या खोलीत मास्तर तोंड धुऊन बाकावर बसला होता आणि थोरला डब्यातल्या बाटल्या जागच्या जागी लावत होता. एकही उघडावी लागली नव्हती. दार ढकलून अधिकारी आत आला, कालचाच, चष्मेवाला. हातात फॉर्म होता.

"पोराला नेलं," तो उभ्यानेच म्हणाला. "सलाईन लावलंय. बोलतंय आता, आईला ओळखलं. डॉक्टर म्हणाले, डोक्यावर नीट बसलेला आणखी एक ठोसाही..." पुढचं त्याने सांगितलं नाही. चष्मा काढून पुसला, परत लावला. "होईल बरा."

मास्तरने डोळे मिटून घेतले आणि डोकं मागे भिंतीला टेकवलं.

अधिकाऱ्याने फॉर्म बाकावर ठेवला. "लढत कोणी थांबवली, ते लिहिलंय. कोपऱ्याने. खाली कारण लागतं." त्याने पेनाचं टोपण काढलं. "मास्तरांना कुठे लागलंय?"

"कुठेच नाही," थोरला म्हणाला.

अधिकाऱ्याने वाकून मास्तरचा चेहरा पाहिला. भुवया शाबूत, ओठ शाबूत, गालावर थोडी लाली. "खरंच काही नाही की. मग थांबवलीत कशाला?"

"भीती वाटली."

"कशाची?"

थोरल्याने औषधांचा डबा बंद केला आणि त्याची कडी लावली.

"याच्या उजव्या हाताची," तो म्हणाला.

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. तो थोरल्याकडे पाहत राहिला, मग बाकावर डोळे मिटून बसलेल्या मास्तरकडे. मग रकान्यात वाकून, एकेक अक्षर सुटं काढत, त्याने ते तसंच लिहून घेतलं.